दुर्बिणीचा नैवेद्य

“आदी उजेडाकडं तोंड करा,” असं म्हटल्याशिवाय ते कुणाशी बोलायला सुरुवात करत नसत. तुम्ही सावलीत उभे असाल तर खांद्याला हलकेच धरून ते तुम्हाला वळवायचे, स्वतःही वळायचे, आणि मग दोघंही सूर्याकडे डोळे बारीक करून नळाला पाणी आलं की नाही यावर बोलत राहायचे. सवय कामातून लागलेली. त्यांच्या शर्टाच्या खिशात वीतभर लांबीची धातूची एक नळी असायची, आणि तिच्यातून काही पाहायचं तर उजेडाकडं तोंड करावंच लागे.

तुमचे आजोबा तेव्हा साखर कारखान्यात इंजिनिअर होते आणि मी कॉलनीतल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. कारखाना सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर, कृष्णेच्या काठी. नव्वदच्या दशकातली गोष्ट, म्हणजे तुमच्या आईबाबांची लग्नं व्हायची होती. उजेडाकडं वळवणारे हे गृहस्थ आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत आणि कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. हंगामाच्या तोंडावर गावोगाव फिरून उभा ऊस तपासायचा आणि तो पिकला की नाही ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर कुणाचा ऊस आधी तुटणार आणि कुणाचा मागे राहणार हे ठरायचं, त्यामुळे चार तालुक्यांत त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. कॉलनीतली मुलं त्यांना दुर्बीणवाले म्हणायची. पुढे मोठी माणसंही तसंच म्हणू लागली, म्हणून मीही तेच म्हणते.

ती नळी दुर्बीण नव्हती. तिच्यातून लांबचं काही दिसत नसे. घाटाची पाण्याखालची पायरी आहे त्यापेक्षा वर दिसते, हे तुम्ही इकडे आलात तेव्हा पाहिलं आहे. धाकटीचा पाय त्यामुळेच फसला होता. पाण्यातून हवेत येताना उजेडाचा किरण वाकतो, म्हणून तसं दिसतं. पाण्यात साखर विरघळलेली असेल तर तो आणखी वाकतो, आणि जितकी साखर जास्त तितका वाक जास्त. त्या नळीच्या टोकाला एक तिरपी काच होती. उसाच्या पेरात टोच्या मारून रसाचा थेंब त्या काचेवर घ्यायचा, वर झाकण लावायचं आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत वरचा भाग निळा, खालचा पांढरा आणि मधे दोन्हींना विभागणारी आडवी रेघ, बाजूला बारीक आकडे. रस गोड असेल तशी रेघ वर चढायची. नुसतं पाणी टाकलं तर ती शून्यावर यायला हवी. न आली तर बाजूचा इवलासा स्क्रू फिरवून आणायची.

मी हे शाळेत फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. दुर्बीणवाले एकदा वर्गाच्या दाराशी उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, “म्हंजी गोडापुढं उजेड लवतोय, असंच की, बाई?” मी पुढची सगळी वर्षं मुलांना तेच वाक्य सांगत आले, परीक्षेत तसं लिहू नका अशी तंबी देऊन.

हंगाम नसला की ते कॉलनीत काहीही तपासत. द्राक्षं, बोरं, कुणाच्या घरचा आमरस. एका लग्नात जिलबीच्या पाकाचा थेंब काचेवर टाकला तर रेघ आकड्यांच्या पार वर निघून गेली. तेव्हा दुर्बिणीनं हात टेकलं, असं त्यांनी आचाऱ्याला फार आदरानं सांगितलं. आजोबांना मधुमेह आहे हे तुम्हाला माहीत आहे. ते बिनसाखरेचं लिंबूसरबत पितात असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी दुर्बीणवाल्यांनी गप्पा मारता मारता त्यांच्या पेल्यात बोट बुडवलं, थेंब काचेवर घेतला, उजेडाकडं वळले आणि म्हणाले, “सायेब, अकरा भरतंय.” आजोबा महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत.

त्या नळीवर त्यांची श्रद्धा होती, आणि हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. आमच्याकडे विळी, अडकित्ता आणि आजोबांचे नट कसायचे पाने पुजले जात. त्यांच्याकडे पाटावर लाल कापड घालून दुर्बीण ठेवलेली असायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि शेवटी नैवेद्य. नैवेद्य म्हणजे नव्या उसाच्या रसाचा एक थेंब तिच्या काचेवर. झाकण लावून ते हात जोडत. “वरीसभर दुसऱ्याच्या रानातलं चाखती, आज घरचं,” असं म्हणत. त्या दिवशी ती धुवायची नाही, पूजा मोडायची नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, काच धुवायची, नुसतं पाणी टाकून रेघ शून्यावर आणायची, आणि मग हंगाम संपेपर्यंत त्या स्क्रूला हात लावायचा नाही. मुहूर्तावर लावलेली रेघ हलत नसते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी एकदोनदा म्हटलं होतं की रोज सकाळी पाणी टाकून पाहायला काय हरकत आहे. त्यावर त्यांनी मला विचारलं, तुम्ही रोज सकाळी मंगळसूत्र सोन्याचं आहे का ते बघता का. इतकी वर्षं त्यांचा आकडा चुकला नव्हता हेही खरं.

आता सुमनबद्दल. कॉलनीजवळचा कालवा ओलांडला की तिचं गाव. माहेर दुष्काळी म्हसवडकडचं, म्हणून उभ्या उसाकडे ती अजून नव्या नवरीसारखी बघायची. नवरा मिलिटरीत. त्यानं वर्षाची सुट्टी उसाच्या तोडणीसाठी राखून ठेवली होती आणि तो दिवाळीला घरी आला होता. सासरे खाटेला खिळलेले. ऊस चांगला होता, अडचण वाटेची होती. तिच्या रानातून बैलगाडी बाहेर काढायची वाट चुलतदिराच्या रानातून जायची. चुलतदिरानं उघड सांगून ठेवलं होतं की माझा ऊस गेला की मी नांगर घालणार आणि पाणी सोडणार, वाट तोवरच. सुमनचा नवरा घरी आहे तोपर्यंत तो अडवणार नाही हे गावाला माहीत होतं, आणि नवरा गेल्यावर अडवणार हेही. म्हणजे सुट्टी संपायच्या आत ऊस तुटून गाड्या बाहेर पडायला हव्या होत्या. नाहीतर वर्षभर पोसलेला ऊस रानातच तुरे काढून, पोकळ होऊन वाळणार होता.

दोघांची रानं शेजारी, लावण एकाच महिन्यातली, उसाची जातही एक. चुलतदिराचा ऊस दुर्बीणवाल्यांनी दसऱ्याच्या आधी तपासला होता आणि तो साडेअठरा भरला होता. अठराच्या वर गेला की तोडणीला घेत. सुमनचा दिवाळीच्या तोंडावर तपासला. तो भरला सोळा. तिची पाळी संक्रांतीच्या पुढे गेली.

रानात काय झालं ते मला नंतर दोघांकडूनही कळलं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. सुमननं पुन्हा तपासायला लावलं. त्यांनी बुडख्याचं पेर तपासलं, मधलं तपासलं, शेंड्याचं तपासलं. ती म्हणाली, मला बघू द्या. त्यांनी तिला उजेडाकडं वळवलं आणि नळी हातात दिली. रेघ सोळावर होती, तिला दिसली. मग तिनं त्याच उसाचं कांडं दातानं सोललं, चावलं, आणि चोथा त्यांच्या पायाशी थुंकला.

“माजी जीब खोटी व्हय, दादा?”

“जिबंला आकडं नसत्यात, वैनी,” ते म्हणाले आणि सायकल घेऊन निघाले.

हे वाक्य गावभर झालं. चुलतदिराचा ऊस तोवर निम्मा तुटला होता. त्याच्या ओट्यावर दुर्बीणवाल्यांनी चहा घेतला होता हे कुणीतरी पाहिलं होतं, आणि खरं तर ते प्रत्येकाच्याच ओट्यावर चहा घेत. पण आता त्या चहाला अर्थ आला. आमच्याकडे दूध घालायला येणारी बाईसुद्धा मला विचारू लागली की तुमचे शेजारी कुणाच्या बाजूचे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यानंतरचा तो पहिला रविवार असावा. सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सुमन डोक्यावर उसाची लहान मोळी घेऊन फाटकातून आली आणि दुर्बीणवाल्यांच्या पायरीवर ती मोळी टाकून बसली. मागे तिचा नवरा, आणि गावातले काही लोक. नवरा हात मागे बांधून, पाय जुळवून उभा होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सुमननं मोळी सोडली. दोन ऊस बाजूला काढले. एक माझ्या रानातला, एक चुलतदिराचा, आत्ता तोडणी चाललेल्या फडातून सगळ्यांदेखत मागून आणलाय, असं तिनं सांगितलं. दोन्ही इथे तपासा. आमच्या डोळ्यांदेखत.

कॉलनीतली दारं एकेक करून उघडली. दुर्बीणवाले बनियनवर बाहेर आले होते, ते आत जाऊन शर्ट घालून आले. त्यांच्या बायकोनं टोच्या आणून दिला आणि ती दारातच उभी राहिली. त्यांनी आधी सुमनचा ऊस घेतला. थेंब, झाकण, उजेड.

“सोळा,” ते म्हणाले. लोकांत चुळबुळ झाली.

मग काच पुसून चुलतदिराच्या उसाचा थेंब घेतला. डोळा लावला. मी कपड्यांच्या तारेपाशी उभी होते, त्यांची पाठ अर्धी माझ्याकडे. एरवी त्यांना आकडा सांगायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नसे. या वेळी ते बघतच राहिले. मग नळी खाली घेतली, झाकण उघडलं, काच शर्टाच्या टोकानं पुसली, पुन्हा थेंब घेतला, पुन्हा डोळा लावला. त्या नळीतून एका वेळी एकाच माणसाला दिसतं. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“सांगा की,” सुमन म्हणाली.

त्यांनी झाकण बंद केलं.

“सांगा की, दादा. साडेअठरा हाय न्हवं?”

“उद्या सांगतो,” ते म्हणाले, नळी खिशात घातली आणि घरात गेले. दार लागलं. बाहेर कुणीतरी हसलं, कुणी शिवी दिली. सुमननं ऊस तिथेच टाकले. फक्त नवरा पायरीपर्यंत आला आणि बंद दाराकडे बघून, चढलेल्या आवाजात नाही, साध्याच आवाजात म्हणाला, “माझी सुट्टी उद्यावर चालत न्हाई.” मग तेही गेले. ते दोन ऊस दिवसभर पायरीवर पडून होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दुर्बीणवाले शाळेत आले. प्रयोगशाळेचं दार त्यांनी आत आल्यावर स्वतःच लावून घेतलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते गेले नव्हते. तिथे गेले असते तर काय झालंय ते कळायच्या आधीच बोभाटा झाला असता. ते माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि सांगू लागले. चुलतदिराचा ऊसही काल सोळाच भरला होता. दसऱ्याआधी त्याच फडातला, त्याच वाफ्यातला ऊस साडेअठरा भरला होता. उभा ऊस या दिवसांत गोड होत जातो, उलटा फिरत नाही.

“मग दुर्बीण फिरली असेल,” मी म्हटलं.

“ती न्हाई फिरत, बाई.” हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की त्यांनाच ते पटत नव्हतं हे मला कळलं.

आमच्याकडे बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली असायची. मी त्यातला एक थेंब स्वच्छ धुतलेल्या काचेवर टाकला आणि नळी खिडकीकडे धरली. आत सगळं निळं होतं. रेघच नव्हती. पांढरा भाग कुठेच नव्हता. मी त्यांच्या हातात नळी दिली. त्यांनी पाहिलं, डोळा काढला, दुसरा डोळा लावला.

रेघ शून्याच्याही खाली गेली होती. म्हणजे नळीतला प्रत्येक आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी दाखवत होता. सुमनचा ऊस सोळा नव्हता. तोही साडेअठराच्या आसपास होता, शेजारच्या रानासारखाच.

असं कशानं व्हावं ते मला समजेना. मी एकेक विचारत गेले. पडली होती का? नाही. कुणी स्क्रू फिरवला का? मीच, दसऱ्याला, ते म्हणाले. मग थांबले. त्या वर्षी पंचांगात तिथी अशा आल्या होत्या की खंडेनवमी आणि दसरा एकाच दिवशी पडले होते. सकाळी त्यांनी पूजा केली, काचेवर रसाचा नैवेद्य ठेवला. त्याच दुपारी कारखान्यात बॉयलर पेटवायचा समारंभ होता, आणि पाहुण्यांना दुर्बीण दाखवायची म्हणून शेतकी अधिकाऱ्यांनी ती मागवली. पूजेचा दिवस संपला नव्हता, म्हणून काच धुवायची नाही. पण दसराही होता, म्हणून रेघ लावायचा मुहूर्त तोच. त्यांनी काच न धुता तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले. रेघ शून्याच्या वर दिसली. गेल्या हंगामात हलली असेल असं समजून त्यांनी स्क्रू फिरवून ती शून्यावर आणली.

सकाळचा रस काचेवर वाळला होता आणि त्या पाण्यात विरघळला होता. त्यांनी शून्य म्हणून जे पाहिलं ते पाणी नव्हतं, सरबत होतं.

मला हे उलगडल्यावर मी तासावर असल्यासारखी भराभर सांगून टाकलं. ते ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, “दसऱ्यापास्नं जेवडी रानं तपासली, ती समदी?”

“सगळी.”

घंटा झाली. ते उठले नाहीत. पुढच्या तासाची मुलं दाराबाहेर गोळा होऊन धक्के देऊ लागली, तेव्हा त्यांनी नळी रुमालात गुंडाळली. एवढी वर्षं ती उघडीच खिशात असायची.

दुपारी ते शेतकी अधिकाऱ्यांकडे गेले. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की रेघ आता नीट करून घ्या, आठ-दहा दिवसांनी फेरतपासणीची फेरी काढू, मधल्या काळात ऊस पिकला असं म्हणू, कुणाला काही कळणार नाही. चूक झाली हे एकदा बाहेर गेलं तर उद्या प्रत्येक गाव आकड्यावर भांडेल. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे, कारखान्याच्याही नावाचा आहे.

संध्याकाळी दुर्बीणवाल्यांनी हे आम्हाला आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. आजोबा म्हणाले की अधिकाऱ्याचं चुकत नाही, यात कुणाचं नुकसान नाही, चार दिवस इकडे तिकडे. मला ते पटू लागलं होतं. तेवढ्यात त्यांची बायको कुंपणापलीकडून म्हणाली, “धा दिसांनी त्या फौजीची सुट्टी उरतीय का?”

ती आत निघून गेली. थोड्या वेळानं भांडी जोरात आदळल्याचा आवाज आला.

सकाळी ते माझ्या दारात होते. शुद्ध पाण्याची बाटली मागायला आले होते. म्हणाले, “तुमी बी चला, बाई. बोलू नगासा. नुसत्या हुबा ऱ्हावा.” मी शाळेत जाऊन निरोप दिला, बाटली घेतली आणि त्यांच्याबरोबर गेले.

गावच्या मारुतीच्या पारावर सकाळी माणसं असतातच. त्या दिवशी चुलतदीरही होता, सुमनचा नवराही. दुर्बीणवाले पारावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. प्रस्तावना अशी त्यांना जमत नसे. माझी रेघ चुकली, असं त्यांनी एका दमात सांगितलं, कशी चुकली तेही सांगितलं, नैवेद्याचं सांगताना मात्र अडखळले. मग बाटलीतलं पाणी काचेवर टाकून नळी पहिल्या माणसाच्या हातात दिली. एकेक जण उजेडाकडं तोंड करून बघू लागला. निळंच दिसतंय, निळंच दिसतंय, असं प्रत्येकजण पुढच्याला सांगत होता. चुलतदिरापाशी नळी आली तेव्हा त्यानं ती न बघताच पुढे दिली.

सगळ्यांचं बघून झाल्यावर त्यांनी स्क्रू फिरवला. हंगामाच्या मधे त्या स्क्रूला हात लावताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. रेघ शून्यावर आली ती सुमनच्या नवऱ्याला दाखवली. काच पुसून, तोवर बातमी ऐकून पाराशी आलेल्या सुमननं घरून आणलेल्या उसाचा थेंब तिच्यावर घेतला, आणि या वेळी स्वतः डोळा न लावता नळी तिच्याकडे दिली.

“अठराच्या वर हाय,” सुमन म्हणाली. “अर्दा.”

मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, रडेल तरी. तिनं नळी परत दिली आणि विचारलं, “मग तोडणी कवा?”

चुलतदीर पारावरून उतरला. चपला घालता घालता म्हणाला, “चूक दुर्बिणीची. वाट माजीच हाय.”

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात कुणी मोकळेपणी जेवलं नाही. सगळ्या गावांची फेरतपासणी निघाली, ती दुसऱ्या माणसाकडून. दुर्बीण त्यांच्याकडून काढून घेतली गेली आणि त्यांना कारखान्याच्या बेणे मळ्यावर पाठवलं, रोपांना पाणी पाजायच्या कामावर. क्रम नव्यानं लागेपर्यंत दिवस गेलेच. सुमनच्या रानात तोडणीची टोळी आली तेव्हा नवऱ्याच्या सुट्टीचा शेवट जवळ आला होता. तोही कोयता घेऊन टोळीबरोबर फडात उतरला. पण ऊस माणसाच्या घाईनं तुटत नाही, आणि बैलगाड्या चार-सहाच मिळाल्या होत्या. मिरजेहून त्याची गाडी होती. तो गेला त्या शुक्रवारी सकाळी जवळजवळ निम्मा ऊस उभा होता, आणि चुलतदिराचं रान मोकळं होऊन दोन दिवस झाले होते.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी घरी येते तो दुर्बीणवाल्यांची बायको डबा घेऊन आमच्या ओट्यावर बसलेली. म्हणाली, चला माझ्याबरोबर, एकटीला जायला लाज वाटते. मी विचारलं कुठे. “आमचं ह्ये काल सकाळपास्नं रजा टाकून दुसऱ्याच्या रानात बसल्यात,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण डब्यात पुरणपोळ्या होत्या हे मला नंतर दिसलं.

आम्ही कालव्याच्या कडेनं गेलो. चुलतदिराच्या रानात बैल जुंपलेला नांगर उभा होता आणि तो स्वतः बांधावर विडी ओढत होता. वाट अजून तशीच होती, टायरच्या चाकांनी दाबलेली. त्या वाटेच्या बरोबर मध्यावर दुर्बीणवाले मांडी घालून बसले होते. डोक्यावर टॉवेल. गाडी आली की ते उठून बाजूला व्हायचे, बैलांना वाट द्यायचे, गाडी पुढे गेली की पुन्हा तिथेच बसायचे. गाडीवानांना त्याची सवय झालेली दिसली. ते आता हाकही देत नव्हते.

काय बोलणं झालं होतं ते सुमननं सांगितलं. काल सकाळी चुलतदीर नांगर घेऊन आला तर दुर्बीणवाले वाटेवर बसलेले. त्यानं विचारलं, तुमचं काय काम हाय हितं. बसलोय, हे म्हणाले. कवापातूर? गाड्या संपस्तवर. दुर्बीण तर काढून घेतली म्हणं तुमची, तो म्हणाला. व्हय, हे म्हणाले, म्हणूनच येळ हाय. मग तो शिव्या देत राहिला आणि हे ऐकत राहिले. माणसावरून नांगर घालायचा तर गाव बघत होतं.

आम्ही डबा ठेवला. त्यांनी बायकोकडे बघितलं नाही, मला मात्र “बसा, बाई,” म्हणाले, जणू ओटाच होता. मी बांधावर बसले. फडातून कोयत्यांचा आवाज यायचा, मग थांबायचा, मग मोळ्या बांधताना बायका एकमेकींना हाका मारायच्या. चुलतदिरानं एकदा बैल हाकल्यासारखं केलं, नांगर हातभर पुढे सरकला. दुर्बीणवाले बसल्या जागी जरासे ताठ झाले, एवढंच. सुमन विळा हातात धरून फडाच्या तोंडाशी उभी राहिली. नांगर थांबला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटची गाडी भरून निघाली. ती जरा जास्तच भरली होती, उसाच्या वाढ्यांचे हिरवे शेंडे जमिनीला लागत होते. गाडी वाटेत एका जागी रुतली. गाडीवान उतरला, सुमननं मागून खांदा लावला, दुर्बीणवाल्यांनी चाकाला हात घातला. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग चुलतदीर विडी टाकून उठला, आणि कुणाकडे न बघता त्यानं दुसऱ्या चाकाला हात घातला. गाडी निघाली. डांबरी रस्त्यावर चढेपर्यंत आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

चुलतदीर सरळ पाटाकडे गेला आणि फावड्यानं त्याचं मातीचं दारं फोडलं. पाणी रानात शिरलं. आधी ते चाकोऱ्यांमधून धावलं, दोन्ही चाकांच्या दोन लांब रेषा भरत, मग कडा मोडून सगळीकडे पसरलं. दुर्बीणवाले डबा खायचा म्हणून पुन्हा खाली बसणार होते. पाणी पायाशी आल्यावर त्यांनी एका हातात डबा घेतला, दुसऱ्यात चपला, आणि आम्हा दोघींच्या पुढे, चिखलात पाय रुतवत, बांधाकडे चालू लागले.